अल्गोंक्विनमध्ये भाड्याची कॅनू: दोन रात्री, एक लेक

टोरांटोजवळच्या मिसिसागाहून पहाटे कॅनडातल्याच अल्गोंक्विन या जंगल-तळ्यांच्या पार्ककडे निघालो, मी आणि माझी 14 वर्षांची लेक. दोघांनीही याआधी कॅनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, फक्त लांबून पाहिलेली. तिथल्या 'कॅनू लेक' या तळ्याच्या धक्क्यावर होडी, वल्ही, लाइफजॅकेट, तंबू सगळं भाड्याने घेतलं.

केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) होडी घ्या, पैसे जास्त पडले तरी. वजन जेमतेम वीस किलो. 'जो लेक' नावाच्या पुढच्या तळ्याकडे जाताना 295 मीटरचं पोर्टेज लागतं, म्हणजे होडी डोक्यावर घेऊन चालायचं, तेव्हा त्या पैशांची किंमत कळते. तरी आमच्या दोन खेपा झाल्याच. (कुकर आणायला नको होता, मान्य.) पार्कच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे चालत नाहीत, तेव्हा लोणचं प्लास्टिकच्या डबीतून न्या.

धक्क्यावरच्या मुलीने दहा मिनिटांत वल्हं शेवटी बाहेर वळवून होडी सरळ कशी ठेवायची ते दाखवलं. लेकीने लक्ष दिलं, मी पार्किंगच्या पावतीत. पहिल्या दिवशी मी मागे बसलो नि होडी नागमोडी गेली. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, "बाबा, तू पुढे बस आणि फक्त वल्हव." रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा मात्र तीच माझ्याकडे सरकली.

तक्रार एकच. अस्वलांमुळे खाणं झाडाला उंच टांगावं लागतं आणि दिलेला दोर आखूड निघाला. अंधारात तंबूच्या दोऱ्या सोडून जोडल्या.

चार तारे. पाचवा लांब दोर मिळाल्यावर.