चार्जर म्हणून विकलेला रिले

सांगलीत विश्रामबाग परिसरात मी बंदिस्त टेम्पोतून आइस्क्रीम आणि ताक विकतो. टेम्पोतला डीप फ्रीझर शिशाच्या बॅटरीवर दुपारपर्यंतही तग धरत नसे, म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर १०० अॅम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी घेतली. विक्रेत्याने तिच्यासोबत ३० अॅम्पिअरचा 'डीसी टू डीसी चार्जर', म्हणजे गाडीच्या विजेवर बॅटरी ठरावीक प्रवाहानेच भरणारे यंत्र, बसवून त्याचे वेगळे ११ हजार रुपये घेतले. पावती म्हणून मिळालेली साधी चिठ्ठी मी न वाचताच खिशात घातली.

तीन आठवड्यांत अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्रातून, वॉर्निश जळल्याचा वास येऊ लागला आणि आतल्या तारांचे वाइंडिंग काळे पडले. "दादा, तुमचा अल्टरनेटर साठचा, लिथियमला मोठाच लागतो," असे सांगून विक्रेत्याने ९० अॅम्पिअरचा माझ्या गळ्यात मारला. दहा-बारा दिवसांत त्यालाही तोच वास!

शिशाची बॅटरी भरत जाते तसा तिचा प्रवाह आपोआप उतरतो. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की अल्टरनेटर देईल तेवढे ती जवळजवळ भरेपर्यंत ओढत राहते. त्यातच अल्टरनेटरचा पंखा त्याच्याच दांड्यावर फिरत असल्यामुळे, गाडी जागेवर स्लोवर चालू असते तेव्हा वारा सर्वांत कमी मिळतो, आणि माझा टेम्पो तर दिवसभर तसाच उभा असतो. नुसता मोठा अल्टरनेटर बसवणे म्हणजे त्याच भुकेपुढे मोठे ताट वाढणे. मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारे काहीतरी हवे, आणि नेमके त्याचेच पैसे मी आधी मोजले होते.

मिरजेतल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनने लिथियमच्या तारेला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर ३० च्या चार्जरमधून ४६ अॅम्पिअर जात होते. मग त्यांनी चार्जरच्या डब्याच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज मोजला. इंजिनाचा वेग कमी-जास्त केला तरी दोन्हीकडचे आकडे बरोबरीनेच हलत होते; खरा चार्जर पलीकडे आपला स्वतंत्र व्होल्टेज देतो. डबा उघडल्यावर आत एक सोलेनॉइड रिले, म्हणजे प्रवाह न आवरता फक्त जोडणारा-तोडणारा स्विच, आणि शोभेचा हिरवा दिवा निघाला. तो डबा हलका आहे, त्याला उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्याही नाहीत, हे बसवतानाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

आता खरा चार्जर बसवला असून अल्टरनेटर व्यवस्थित आहे. विक्रेता फोन उचलत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, असे कळल्यावर कागद जमवायला बसलो, तेव्हा त्या चिठ्ठीवर ना जीएसटी क्रमांक, ना 'चार्जर' हा शब्द. लिहिले आहे ते फक्त 'लिथियम सेट'.