रंगाखालची सळई

मागच्या गळीत हंगामात तवंदीच्या घाटात उसाची एक ट्रॉली रस्त्यात तोंड खुपसून पडली होती आणि निपाणीकडून संकेश्वरला जाणाऱ्या गाड्या तास-दीड तास खोळंबल्या होत्या. त्या रांगेत तुम्ही अडकला असाल आणि ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातल्या असतील, तर त्या मला पोचल्या. ट्रॅक्टर माझा, चालवत होता धाकटा भाऊ. कुणाला लागलं नाही, म्हणून आज हे लिहिता येतंय.

सुरुवात ट्रॉलीपासून. माझ्याकडं ४५ एचपीचा ट्रॅक्टर. चार चाकी ट्रॉली घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातून एक जुनी दोन चाकी घेतली. कागद व्यवस्थित होते. ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं हे मला माहीत होतं, आणि मी बेळगाव जिल्ह्यातला, ट्रॉली दुसऱ्या राज्यातली, म्हणून फॉर्म २८ची एनओसीही घेतली होती. कागद बघण्यात मी एवढा गुंतलो की दांड्याकडं नीट बघितलंच नाही. आधीच्या मालकानं ती कधी काळी एका जुन्या ट्रकमागं लावायला म्हणून दांडा बदकाच्या मानेसारखा वर वाकवून घेतला होता. घरी आणून ट्रॅक्टर मागं घेतला, तर दांड्याची कडी माझ्या हुकापेक्षा फूटभर वर. कडीचं भोकही माझ्या पिनेपेक्षा मोठं. पाण्यात म्हैस आणि वर मोल, दुसरं काय.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढची सगळी फसवणूक तिच्यावर उभी आहे. चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या चारही चाकांवर असतं, ट्रॅक्टर फक्त ओढतो. दोन चाकी ट्रॉली मात्र पुढच्या बाजूनं हुकावर टेकलेली असते. ऊस भरला की निदान अर्धा टन तरी हुकावर येतो. म्हणून कंपनीनं हुक खाली, एक्सलच्याही खाली ठेवलेला असतो. तो वर नेला की चढाला ओढताना ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं. हे मला आता पाठ झालंय. तेव्हा नव्हतं.

कुणीतरी सांगितलं, हद्दीपलीकडं हायवेला लागून एक वर्कशॉप आहे, तो असली कामं करतो. आमच्याकडं हद्द म्हणजे चहाला जायचं अंतर, त्यामुळं राज्य बदललं असं वाटतही नाही. गेलो. माणूस गोड. चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. ट्रॉलीचा दांडा कापून सरळ करता येईल का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ट्रॉलीला हात लावू नकासा. पासिंगला आरटीओ अडवतंय. ट्रॅक्टरचाच हुक वर घेऊ, त्याला कोण बघतंय?"

आणि मग त्यानं मोबाइल काढला. अमेरिकेतला व्हिडिओ. मोठी पिकअप गाडी, तिच्या हौद्याच्या मधोमध लोखंडी गोळा, त्यावर मागच्या लांबलचक ट्रेलरची वाकडी मान येऊन बसते. "ह्याला गूजनेक म्हणत्यात. तुमचा दांडा तोच हाय. तिकडं दहा-दहा टन वडत्यात, तुमचं सहा टन म्हंजे काय?"

व्हिडिओ खराच होता. गूजनेकही खरंच. नंतर मी त्यावर बरंच वाचलं. तिकडचा तो गोळा साधारण २ पूर्णांक ५/१६ इंचाचा असतो, आणि सगळी मेख अशी की तो मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा थोडा पुढं बसवतात. त्यामुळं ट्रेलरचं वजन गाडीच्या दोन्ही एक्सलच्या मधे पडतं आणि पुढची चाकं जमिनीला धरून राहतात. त्यासाठी चेसिसला खालून ब्रॅकेट बोल्टनं आवळलेलं असतं. ट्रॅक्टरचा हुक असतो एक्सलच्या मागं. तिथं उंच बुरूज उभा करून त्यावर वजन टाकणं म्हणजे काय, हे पोर बसलेल्या पाटाच्या मागच्या टोकावर गोणी टाकून बघा. पण व्हिडिओत गाडी धावताना दिसते, एक्सल कुठं आहे ते दिसत नाही. मी मान डोलावली.

हिशोब किलोवर ठरला. २० एमएमची प्लेट, ८.८ ग्रेडचे बोल्ट, ईएन८ जातीच्या पोलादाची हार्डनिंग केलेली पिन, कडीचं भोक बारीक करायला आत नवा बुश. तीन दिवसांनी बोलावलं. काम तयार होतं, निळा चकचकीत रंग मारून. रंग अजून हाताला लागत होता. वजन ८५ किलो, १८० रुपयांनी १५,३००. पिन, बुश आणि लेथचं काम ३,२००. एकूण १८,५००. काट्यावर माझ्यासमोर घातलं का? नाही. वहीत लिहिलेलं दाखवलं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलासा तर १८ टक्के जीएसटी पडंल, कशाला उगं?" मलाही ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. १० हजार आधीच फोनवरून दिले होते, तेही त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर, बाकीचे रोख. हातात आली एक वहीची चिठ्ठी, तिच्यावर 'हुक काम पूर्ण' एवढंच.

बोल्टच्या डोक्यावर आकडा बघायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ८.८ म्हणजे ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कल आणि तिच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा ताणत नाही, असा त्या आकड्याचा अर्थ. तो डोक्यावर ठोकलेला असतो. माझ्या बोल्टांवर निळा रंग होता.

पहिली खेप सपाटीवरची होती, गावाजवळच्याच फडातली. काही झालं नाही. भाऊ म्हणाला, ब्रेक लावला की मागून धक्का बसतो. मी म्हणालो, नवीन काम आहे, बसेल हळूहळू. आबांनी मात्र हुकाकडं बघून विचारलं, "साखळी कुठाय?" सेफ्टी चेन लावलीच नव्हती. वर्कशॉपवाला म्हणाला होता, एवढ्या जाड पिनेला साखळी म्हणजे हत्तीला दोरा.

दुसरी खेप घाटातून. भावाचं म्हणणं असं की चढाला लागल्यावर पुढची चाकं जमिनीवर आहेत की नाहीत हेच कळेना. स्टिअरिंग डावीकडं घेतलं तरी गाडी सरळच. त्यानं अ‍ॅक्सिलेटर सोडला, मागून ट्रॉलीचा हिसका बसला आणि 'ठाक' असा आवाज आला. बंदुकीचा बार वाटला म्हणतो. हुक मागच्या मागं निखळला, ट्रॉलीचं तोंड डांबरात रुतलं, तोंडावरचा ऊस रस्त्यावर पसरला. साखळी असती तर ट्रॉली निदान ट्रॅक्टरला धरून राहिली असती. मी तासाभरानं पोचलो तेव्हा भाऊ दगडावर बसून होता आणि ट्रॅक्टरखाली सोनेरी तेलाचं थारोळं होतं. हुकाबरोबर हाउसिंगचाही, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या कवचाचाही, टवका गेला होता.

इथून पुढं खरा तमाशा. संकेश्वरच्या मिस्त्रीनं ट्रॅक्टर मधोमध उघडून दोन तुकडे केले. हाउसिंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बिडाला साध्या वेल्डिंग रॉडनं टाके मारले की वेल्डिंगच्या शेजारी चिरा जातात. आधी तापवून, निकेलच्या रॉडनं, सावकाश गार करत केलं तर थोडंफार जमतं, पण वजन पेलणाऱ्या जागी शहाणा माणूस ते करत नाही. माझ्या हुकाला बोल्ट चारच होते आणि बाकीचा जोर या टाक्यांवर. बोल्टांचा रंग खरवडला तर डोक्यावर काहीच नाही, कोरं.

मग त्यानं तुटलेला हुक पायानं उलटा केला आणि मला खाली बसवून दाखवला. प्लेट कडेनं २० एमएम भरत होती. फुटली होती तिथं मधे १० एमएम. कडेला पट्टी जोडून घासून जाड दाखवलेली. दोन प्लेटांच्या सांध्यात बोटभर फट होती, ती भरायला घराच्या स्लॅबमध्ये घालतात ती नक्षीची सळई कोंबून वरून वेल्डिंगची एक साय ओढलेली. तुटलेल्या जागी सळईची नक्षी जशीच्या तशी दिसत होती. खड्डे राहिले तिथं लांबी (पुट्टी) भरलेली, वर रेड ऑक्साइड, वर निळा रंग. पिनेवर त्यानं कानस फिरवली, तर साबणासारखा कीस निघाला. हार्डनिंग केलेल्या पिनेवरून कानस घसरते. हा मिस्त्री कन्नडच बोलतो. हुकाकडं बघत म्हणाला, "इदु कब्बिण अल्लरी, बरे बण्ण." हे लोखंड नव्हे हो, नुसता रंग.

जाता जाता भंगारवाल्याच्या काट्यावर हुक घातला, टवक्यांसकट. ५२ किलो. म्हणजे ३३ किलो हवा मी १८० रुपयांनी घेतली होती, ५,९४० रुपयांची. हा आकडा मला सगळ्यांत जास्त झोंबला. का ते सांगता येत नाही, कारण खरा खर्च पुढं होता: हाउसिंग, सील, तेल, मजुरी धरून ७२ हजार, आणि ट्रॅक्टर उभा असताना ऊसतोडीची टोळी बसून. बीडकडची टोळी, उचल दिलेली. तोडलेला ऊस फडात वाळतो आणि काट्यावर हलका भरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विम्याचा माणूस आला, फोटो काढले आणि विचारलं, "हा हुक कंपनीचा का?" पुढं काही बोलला नाही, मीही नाही.

वर्कशॉपवाल्याकडं गेलो. या वेळी खुर्ची पुसली नाही. "वजन जास्त भरलासा. ड्रायव्हरनं झटका दिला. मी बिल दिलंय का तुमाला? मग गॅरंटी कसली?" चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, हे अक्षर माझं नव्हे. पोलिसात गेलो तर अलीकडचे म्हणाले व्यवहार पलीकडं झालाय, पलीकडचे म्हणाले अपघात अलीकडं झालाय. सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही. भाषेच्या नावानं आम्ही वर्षानुवर्षं मोर्चे काढतो, पण हद्दीचा खरा फायदा घ्यावा तर अशा लोकांनी.

एका वकील पाहुण्यांनी वाट दाखवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. म्हणजे दुकान महाराष्ट्रात असलं तरी मी बेळगावात जाऊ शकतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ट्रॅक्टर धंद्याचा म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबवत असाल तर तुम्ही ग्राहकच. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली होती, तिचा नंबरही जोडला. बिल नाही याचा त्रास होतोच आहे. मेहुण्याच्या खात्यावर गेलेले १० हजार हाच काय तो धागा, कारण पाठवताना मी सहज 'हुकाचा अ‍ॅडव्हान्स' असं लिहिलं होतं. आता भाजीचे पैसे पाठवले तरी काय घेतलं ते लिहितो.

ट्रॉलीचं काम शेवटी बेळगावात, उद्यमबागेत करून घेतलं. तिथल्या कारागिरानं ट्रॅक्टरला हातच लावला नाही. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून हुकाची जमिनीपासूनची उंची मोजली, ट्रॉलीच्या दांड्याची वाकवलेली मान कापून मूळ होता तसा सरळ केला आणि माझ्या पिनेच्या मापाची नवी कडी बसवली. साखळी वेगळ्या ब्रॅकेटला. ९ हजार, बिलासकट. वेल्डिंग झाल्यावर रंगाआधी मला बोलावलं आणि म्हणाला, आता बघून घ्या, मग मारतो. मी तासभर बघत बसलो. कळण्यासारखं फार नव्हतं, पण सांधा उघडा होता, सळई नव्हती, आणि बोल्टाच्या डोक्यावरचा ८.८ बोटाला लागत होता. मान सरळ करायला आरटीओची अडचण नव्हतीच. उलट हुकाचा बुरूज हाच कंपनीच्या गाडीतला फेरफार होता.

तुटलेला हुक गोठ्यात खुंटीजवळ पडून आहे. गेल्या महिन्यात वर्कशॉपवाल्याचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. "झालं ते झालं, पाव्हणं. ते लोखंड भंगाराच्या भावानं मला देऊन टाका की, कशाला घरात अडगळ?" देत नाही म्हटलं. वकिलांना कळवलं तर ते म्हणाले, नीट ठेवा, पावसात गंजला तर गंजू दे, फक्त त्याला रंग लावू नका.