विजेने फोडलेले झाड: ‘वाइल्ड अननोन’ घ्यावा की ‘वाइल्डवुड’?

टॅरो म्हणजे भविष्य पाहण्यासाठी किंवा चिंतनासाठी वापरला जाणारा ७८ चित्रपत्त्यांचा संच; त्यातल्या सोळाव्या पत्त्याचे नाव ‘मनोरा’. लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या संचात या मनोऱ्यावर वीज कोसळते आणि दोन माणसे खाली पडताना दिसतात. निसर्गावर बेतलेला संच शोधणाऱ्यांसमोर ‘वाइल्ड अननोन’ आणि ‘वाइल्डवुड’ ही दोन नावे हमखास येतात, आणि या दोन्ही संचांत मनोऱ्याच्या जागी विजेने फोडलेले झाड आहे. मूळ कल्पना एकच असली तरी त्या झाडाभोवतीचे जग इतके निराळे आहे की निवड करण्यापूर्वी दोन्हींकडे सावकाश पाहायला हवे.

किम क्रान्स यांनी ‘वाइल्ड अननोन’ २०१२ साली स्वतःच प्रसिद्ध केला आणि पुढे २०१६ मध्ये तो हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेकडून आला. त्याची सारी ताकद रेघेत आहे. काळ्या शाईच्या बारीक, एकमेकींना खेटून ओढलेल्या रेघांतून पिसे, खवले आणि झाडाची साल उभी राहते, आणि रंग मोजक्याच जागी येतो, त्यामुळे तो जिथे येतो तिथे नजर आपोआप थांबते. एकाही पत्त्यावर माणूस नाही. जुन्या संचातल्या एकांतवासी साधूच्या जागी पाठीवर उजेड वागवत अंधारातून चाललेले कासव आहे. टॅरोत तलवारी, काठ्या, पेले आणि नाणी असे चार गट असतात; त्यांतल्या तलवारींच्या दहाव्या पत्त्यावर पाठीत दहा तलवारी रुतलेला बैल पडला आहे. जुन्या चित्रात तिथे माणूस असतो, आणि आपण नकळत त्याची चूक काय असेल याचा विचार करू लागतो. बैलापुढे तो प्रश्नच उरत नाही, उरते ती केवळ वेदना. माझ्या मते या संचातली ही सर्वांत मोठी कमाई आहे. उणीव अशी की काही साध्या अंकांच्या पत्त्यांवर काठ्या किंवा (नाण्यांच्या जागी आलेल्या) चांदण्यांची मांडणी एवढेच असते, आणि नवशिक्याला त्यातून अर्थ काढणे जड जाते.

मार्क रायन आणि जॉन मॅथ्यूज यांची मांडणी आणि विल वर्दिंग्टन यांची चित्रे असलेला ‘वाइल्डवुड’ २०११ चा. त्यात रिकामी जागा जवळजवळ नाहीच. शेवाळ, दगड, धुके, मुळे असे ब्रिटनचे प्राचीन अरण्य मातकट आणि हिरव्या रंगांत तपशिलाने भरलेले आहे. इथे माणसेही आहेत, पण ती अरण्याचीच झालेली. ‘मूर्ख’ वाटसरू होतो, ‘सैतान’ रक्षक होतो आणि ‘मृत्यू’ला प्रवास म्हटले जाते. तलवारी, काठ्या, पेले आणि नाणी यांच्या जागी अनुक्रमे बाण, धनुष्ये, भांडी आणि दगड येतात. अंकांच्या पत्त्यांवर एकेका शब्दात आशय छापलेला आहे, ही नवशिक्याची मोठी सोय. मात्र तो शब्द आधी वाचला जातो आणि चित्र मागे पडते, हेही तितकेच खरे.

आशयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी तुलना हंसाची आहे. ‘वाइल्ड अननोन’मध्ये पेल्यांचे, म्हणजे भावनेचे, सारे कुटुंब (जुन्या संचातल्या राजा-राणीसारख्या पत्त्यांच्या जागी आलेले) हंसांचे आहे. ‘वाइल्डवुड’मध्ये हंस बाणांची राणी, म्हणजे विचाराच्या बाजूचा. नीरक्षीरविवेक या शब्दावर वाढलेल्या मराठी मनाला दुसरी योजना चटकन पटते. उलट ‘वाइल्ड अननोन’मध्ये तलवारींचे कुटुंब घुबडांचे आहे, आणि ज्या घरांत घुबडाचा आवाज अशुभ मानला गेला तिथे हे पत्ते हाती येताच मनात जुनी भीती डोकावते. अशा वेळी लक्ष्मीचे वाहनही घुबडच आहे याची आठवण ठेवावी आणि चित्रातल्या त्या रोखलेल्या डोळ्यांकडे पुन्हा पाहावे.

‘वाइल्डवुड’बाबत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरू शकते. त्याचे पत्ते वर्षचक्रावर बसवलेले आहेत: बाण वसंताचे, धनुष्ये उन्हाळ्याची, भांडी शरदाची, दगड हिवाळ्याचे. ही रचना देखणी आणि एकसंध आहे, परंतु ती उत्तरेकडच्या थंड प्रदेशाची आहे. ज्यांचे वर्ष मृगाच्या पावसाने कूस बदलते त्यांना त्या चक्रात पावसाळ्याला घरच सापडणार नाही. खंड्या, बगळा, कोल्हा, ससा हे आपल्या ओळखीचे. पण ज्ञानाचे प्रतीक असलेला सामन मासा किंवा हिवाळ्यातला ध्रुवतारा काय सांगतो, हे सोबतच्या पुस्तकाशिवाय उमगत नाही.

म्हणून केल्टिक, म्हणजे प्राचीन ब्रिटन-आयर्लंडकडच्या, पुराणकथांची आवड असेल आणि वर्षभर पुस्तक उघडे ठेवून शिकण्याची तयारी असेल तर ‘वाइल्डवुड’ घ्यावा. त्याच्याइतकी सलग विचारसृष्टी दुसऱ्यात नाही. रोज सकाळी एक पत्ता उचलून नुसते पाहत बसायचे असेल तर मी ‘वाइल्ड अननोन’ सुचवीन. शक्य असल्यास दोन्हींतला सोळावा पत्ता शेजारी ठेवून पाहावा आणि ज्या झाडावर नजर अधिक वेळ रेंगाळेल तो संच घरी आणावा.