गाठी आपोआप बसल्या, आता थांबायचं की किमो घ्यायची?

मानेतली गाठ काढून तपासली, रिपोर्टवर ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’, म्हणजे लसिकाग्रंथींचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर आला, किमोची तारीख ठरली आणि तेवढ्यात उरलेल्या गाठी बसू लागल्या. असं घडतं. फार क्वचित, पण वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी आहेत. मग घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, नागपूरच्या ताजबागच्या बाबांनी ऐकलं, आता ते जहाल औषध कशाला? कुणी म्हणतं, तारीख चुकवू नका.

थांबा म्हणणाऱ्यांचं आधी ऐकू, कारण ते अगदीच निराधार नाही. एव्हरसन आणि कोल या शल्यचिकित्सकांनी १९६६ मध्ये कॅन्सर आपोआप ओसरल्याची १७६ उदाहरणं एकत्र प्रसिद्ध केली. लिम्फोमात असं कधी मोठ्या जंतुसंसर्गानंतर, कधी बायोप्सीनंतर दिसतं; जागी झालेली प्रतिकारशक्ती हे त्याचं संभाव्य कारण मानतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यात ते औषध बंद केल्यावर लिम्फोमा मागे हटू शकतो, म्हणून डॉक्टरच काही आठवडे वाट पाहतात.

पण ‘आमच्या काकांची गाठ अशीच गेली’ हे ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारते: प्रकार कोणता होता? हळू वाढणाऱ्या लिम्फोमाचा स्वभावच निराळा. स्टॅनफर्डच्या १९८४ च्या अभ्यासात उपचार न दिलेल्या अशा ८३ रुग्णांपैकी १९ जणांच्या गाठी आपोआप कमी झाल्या होत्या. तिथे त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. काकांचं उदाहरण त्या प्रकारातलं असेल तर तुमच्या आक्रमक प्रकाराला ते लागूच पडत नाही. हा उपचाराविना सोडला तर बहुतेकांच्या हातात काही महिनेच उरतात.

दुसरा प्रश्न स्टिरॉइडचा. दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी कुणी प्रेडनिसोलोन दिलं होतं का? त्यानं लिम्फोमाच्या गाठी झपाट्यानं बसतात आणि पुन्हा उठतात. ते आपोआप बरं होणं नव्हे. खरोखर आपोआप ओसरलेला आजारही काहींमध्ये परतला आहे.

आता उपचार. या आजारावरच्या नेहमीच्या किमोला आर-चॉप म्हणतात; साधारण दर २१ दिवसांनी एक सायकल, बहुधा सहा. एवढ्यात सुमारे ६० टक्के रुग्ण कायमचे बरे होतात. शरीरात पसरलेला आक्रमक कॅन्सर असूनही कायमचा बरा होतो, ही साधी गोष्ट नाही. त्रास मात्र खरा आहे: केस जातात, बोटांना मुंग्या येतात, पांढऱ्या पेशी घटतात, एका औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात; हिपॅटायटिस बी चीही तपासणी करून घेतात. नागपूरकरांनी आणखी एक जपावं. मे महिन्यात किमोवरच्या माणसाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर ‘ऊन लागलं’ म्हणत पन्हं पाजून सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

खर्चाची धास्ती मोठी असते. आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती २००७ पासून मिळते, त्यामुळे ते पूर्वीइतकं हाताबाहेर राहिलेलं नाही. मेडिकल म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, मानेवाड्याचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, हे सगळं गावातच आहे. महात्मा फुले योजनेत आपलं काय बसतं ते रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, पहिल्याच भेटीत विचारा.

माझा कौल स्पष्ट आहे: गाठी बसल्या म्हणून घरी थांबू नका. बसल्या आहेत हे कॅन्सरच्या डॉक्टरांना लगेच सांगा, पेट-सीटी, म्हणजे शरीरात आजार कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, पुन्हा करायचा का ते विचारा आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लिम्फोमा जाणणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. स्कॅन पूर्ण स्वच्छ आला तर काही डॉक्टर काटेकोर तपासण्या ठेवून थांबायला तयार होतात. तो निर्णय त्यांच्यासोबत बसून, पुढच्या स्कॅनची तारीख कागदावर लिहून घ्यावा. स्कॅनमध्ये आजार उरलेला दिसला तर ठरलेल्या तारखेला किमो सुरू करा.