निळी वाटी: आठ महिन्यांनंतर

माझ्या सासऱ्यांना अल्झायमर आहे. ताटातला अर्धा भात तसाच राहायचा. आम्हाला वाटलं, भूक मेली. मग एका रात्री पाहिलं, भात बाजूला ठेवून ते ताटात पडलेला ट्यूबलाइटचा उजेड बोटांनी उचलायला बघत होते.

या आजारात नुसती आठवण जात नाही. जवळजवळच्या रंगांतला फरकही नजरेला कळेनासा होतो. चकाकणारं स्टील, त्यावर पांढरा भात, वर दही, मग घास दिसणार कसा? बोस्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये आजार बळावलेल्या 9 रुग्णांना भडक लाल भांड्यांतून वाढलं, तर त्यांचं खाणं 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. हे वाचलं आणि अशा रुग्णांसाठीचा रंगीत भांड्यांचा संच मागवला.

वाटी गडद निळी, तळ एका बाजूला उतरता, तिकडची कड सरळ उभी. शा याओ या तैवानी डिझायनरनं आपल्या आजीच्या अल्झायमरवरून ‘ईटवेल’ नावाचा असा संच केला होता, त्याला 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. माझा दुसऱ्या कंपनीचा.

पहिला आठवडा कोराच गेला. रविवारी गोळाभात केला, डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला भात. बाबांनी गोळा स्वतः कुस्करला, उभ्या कडेला भात दाबून घास केला, खाल्ला आणि म्हणाले, “तेल टाक न वं अजून.” कित्येक महिन्यांत त्यांनी जेवताना काही मागितलं नव्हतं. मी तेलाची वाटी आणायला आत गेले आणि थोडा वेळ तिथंच थांबले.

संचातला जाड मुठीचा चमचा मात्र आमच्याकडे पडून आहे. जन्मभर हातानं जेवलेला माणूस तो फक्त ताक-खिचडीला धरतो. वाटीच्या तळाचं रबर तिसऱ्या महिन्यात सैल झालं. विक्रेत्यानं बदलून दिलं नाही, आता खाली ओलं फडकं ठेवते. कडकडीत फोडणी थेट ओतू नका, माझ्या वाटीचा तळ एका जागी पांढुरका पडलाय.

आणखी एक. सावजीचा काळा रस्सा किंवा वांग्याची भाजी निळ्यात हरवते, तिथं पांढरी चिनीमातीची खोल बशीच बरी. म्हणून महागडा संच घ्यायच्या आधी घरातल्याच रंगीत बशीत भात वाढून बघा.

मी सध्या नागपूरच्या इतवारी बाजारात निळी, उभ्या कडेची तामचिनीची वाटी शोधतेय, फोडणी सोसेल अशी. कुणाला दिसली तर दुकान सांगा.