सुताच्या धुळीत चाललेला प्लेस्टेशन ५

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या तळमजल्यावर दोन यंत्रमाग आहेत. माग चालू असले की सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात आणि वरच्या मजल्यावरही पंख्याची पाती, फ्रिजची मागची बाजू, टीव्हीची कड यांवर पांढरट थर धरतो. त्यामुळे घरात येणाऱ्या विजेच्या प्रत्येक उपकरणाविषयी मी आधी एवढेच विचारतो की त्यात हवा कुठून शिरते, कुठून बाहेर पडते आणि आत साचलेला कचरा काढण्याची काही सोय आहे की नाही. उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये इतकी वर्षे काढल्यावर ही सवय जाणार नाही. थोरल्या भावाने २०२१ मध्ये मुलांसाठी सोनीचा प्लेस्टेशन ५ हा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचा कन्सोल आणला, तो डिस्क ड्राइव्ह असलेला, पहिल्या बांधणीचा. भारतात हा कन्सोल त्याच वर्षी २ फेब्रुवारीला ४९,९९० रुपयांना विक्रीस आला होता. त्यावरील खेळांविषयी मुले सांगतील. मला त्याच्या बांधणीविषयी लिहायचे आहे.

आकार पाहून तो मला मुळीच आवडला नव्हता. ३९० मिलिमीटर उंची, २६० मिलिमीटर खोली आणि साडेचार किलो वजन असलेली ही वस्तू आमच्या भिंतीतल्या कपाटात उभी मावली नाही, आणि आडवी ठेवली तर मागे हवेला वाव उरेना. शेवटी तिला टीव्हीशेजारी स्वतंत्र टेबल द्यावे लागले. मधला काळा चकचकीत भाग तर बोटांचे ठसे आणि ओरखडे गोळा करण्यासाठीच केला आहे, असे वाटते. मात्र दोन्ही बाजूंचे पांढरे प्लास्टिकचे पत्रे काढले की एवढा मोठा आकार कशासाठी, ते कळते.

हे पत्रे स्क्रूने बसवलेले नाहीत. कोपरा किंचित उचलून पत्रा सरकवला की तो हातात येतो आणि समोर १२० मिलिमीटर व्यासाचा, ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा दिसतो. हा पंखा दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. ती समोरच्या फटींतून आत येते आणि संपूर्ण मागच्या बाजूने बाहेर पडते. वाटेत धूळ अडकावी म्हणून मुद्दाम कप्पे ठेवले आहेत आणि त्यांच्या तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनर लावून ती ओढून घेता येते. सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा पत्रे काढले, तेव्हा त्या भोकाशी दिव्याच्या वातीसारखी वळलेली सुताची गुंडाळी सापडली. ती चिमटीत धरून ओढली तर अखंड बाहेर आली. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या, पट्ट्यांवर मात्र नावापुरता थर होता. ज्यांनी हे योजले त्यांनी धुळीचा विचार कागदावरच सोडून दिला नाही, हे त्या एका वातीने मला पटले.

उष्णतेचा विचार तर त्याहून खोलवर केलेला आहे. मुख्य चिप एएमडी कंपनीची असून तिच्यात झेन २ जातीचे आठ कोअर (आकडेमोड करणारे भाग) ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि चित्रे रचणारा भाग २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो. हे कमाल वेग कायम राहतीलच असे नाही. चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा आधी ठरवलेली आहे आणि कामाच्या भारानुसार वेग तिच्या आत कमी-जास्त होतो. याचा अर्थ, जास्तीत जास्त किती उष्णता बाहेर काढायची आहे, हे शीतकरणाची रचना करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. लेथवर काम करणाऱ्याला यातले शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरला आहे. तो उष्णता फार चांगली वाहतो. पण वीजही वाहतो, आणि असे मिश्रण गॅलियमचे असेल तर ॲल्युमिनियमला खाऊन टाकते. म्हणजे थेंबभर जरी इकडेतिकडे गेला तरी घात, म्हणून त्याच्याभोवती पक्के सील करावे लागते. सोनीचे अभियंता यासुहिरो ओतोरी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये हा कन्सोल स्वतःच्या हाताने खोलून दाखवला, तेव्हा या एका गोष्टीच्या तयारीला दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे त्यांनी सांगितले होते.

साठवणुकीच्या बाबतीत वेग उत्तम, जागा अपुरी. आतील ८२५ जीबीच्या एसएसडीतून (खेळ साठवणाऱ्या चिपच्या ड्राइव्हमधून) सेकंदाला साडेपाच जीबी माहिती वाचली जाते. परंतु वापरायला प्रत्यक्षात ६६७ जीबीच मिळतात आणि मोठे खेळ ती जागा पाहता पाहता संपवतात. एम.२ या पातळ पट्टीसारख्या प्रकारची दुसरी एसएसडी बसवण्यासाठी खाच दिलेली आहे आणि तिचे झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडते. तिथे हीटसिंक धरून एकूण उंची ११.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. विकत घेण्यापूर्वी दुकानातच मी व्हर्नियर लावून पाहिले. दुकानदार चकित झाला खरा, पण ११.२५ म्हणजे ११.२५.

हातात धरून खेळायच्या कंट्रोलरविषयी माझे मत संमिश्र आहे. एल२ आणि आर२ या तर्जनीने दाबायच्या ट्रिगरमागे छोटी मोटर, वर्म गिअर आणि दट्ट्या बसवलेला असल्यामुळे खेळातील प्रसंगानुसार ट्रिगर बोटाला खरोखर विरोध करतो. सोबत आलेल्या ॲस्ट्रोज प्लेरूम या खेळामध्ये वाळूवरून चालणे आणि अंगावर पाऊस झेलणे यांतील फरक तळहाताला स्पष्ट जाणवतो. माझ्या पुतणीने तो पाऊस पहिल्यांदा अनुभवला तेव्हा बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता, आणि ती कंट्रोलर हातात घट्ट धरून खिडकीकडे पाहत राहिली. इतक्या नाजूक कामाच्या शेजारी अंगठ्याने फिरवायच्या दांड्या मात्र घर्षणाने झिजणाऱ्या जुन्या पद्धतीच्या आहेत. तिथे चुंबकीय सेन्सर हवे होते. ब्लूटूथचे साधे हेडफोन कन्सोलला थेट जोडता येत नाहीत, हेही मला पटत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून एक अनुभवाची गोष्ट सांगतो. जड खेळ चालू असताना हा कन्सोल २०० वॉटच्या आसपास वीज घेतो. ती घरच्या इन्व्हर्टरला झेपते. आमचा इन्व्हर्टर मात्र इको मोडवर होता, त्यामुळे वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना जो क्षण जातो तेवढ्यात कन्सोल बंद पडे आणि पुन्हा सुरू झाला की साठवण तपासत बसे. इन्व्हर्टरच्या मागचे बटण यूपीएस मोडवर, म्हणजे हा बदल अधिक झटपट करणाऱ्या मोडवर, केल्यापासून ती तक्रार उरली नाही.

२०२३ च्या अखेरीस आलेली स्लिम आवृत्ती सुमारे ३.२ किलोची आहे, तिच्यात १ टीबी साठवण आहे आणि डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येतो. जागा कमी असलेल्यांनी तीच घ्यावी. तिचा उभा स्टँड मात्र वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. आमच्या जुन्या कन्सोलचा स्टँड सोबतच आला होता, उभा ठेवताना त्याला एकच स्क्रू लागतो, आणि आडवा ठेवल्यावर तो स्क्रू हरवू नये म्हणून स्टँडच्याच पोटात त्याच्यासाठी जागा केलेली आहे.