नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५): रेस ठीक आहे, पण खरा खेळ पोलिसांशी

थेट सांगतो, पोलीस मागे लागण्याची मजा एवढी भारी दुसऱ्या कुठल्याच रेसिंग गेममध्ये नाही. आणि हे जुन्या आठवणींमुळे म्हणत नाहीये, आत्ताच परत लॅपटॉपवर टाकून पूर्ण ब्लॅकलिस्ट (हरवायच्या १५ रेसर्सची यादी) संपवली आणि गेममधल्या रॉकपोर्ट शहराच्या हायवेवर मागे आठ-दहा गाड्या सायरन वाजवत लागल्या की अजूनही तळहाताला घाम येतो. २०१२ ला क्रायटेरियन या स्टुडिओने याच नावाचा गेम काढला तो वेगळा, मी बोलतोय तो ईए ब्लॅक बॉक्स स्टुडिओवाला, नोव्हेंबर २००५ चा.

स्टोरी साधी आहे. आपण निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर घेऊन शहरात येतो, रेझर नावाचा एक जण गाडीत गडबड करून ठेवतो, ऐन रेसमध्ये गाडी दगा देते, ती त्याच्याकडे जाते आणि आपण पोलिसांच्या हातात. सुटून आलो की खालून सुरुवात, १५ नंबरच्या सनीपासून एकेकाला हरवत वर रेझरपर्यंत जायचं. खरे कलाकार घेऊन शूट केलेले सीन आहेत, थोडे फिल्मी आहेत पण मला आवडतात, मागे लागलेला पोलीस सार्जंट क्रॉस पहिल्याच भेटीत डोक्यात जातो आणि गेमला तेच पाहिजे असतं.

आता खरी गोष्ट. ब्लॅकलिस्टवाल्याला आव्हान द्यायचं तर नुसत्या रेस जिंकून भागत नाही, बाउंटी (पोलिसांना छळून जमणारे पॉइंट) लागते आणि माइलस्टोन लागतात, म्हणजे इतका वेळ पोलिसांना मागे पळवा, इतके रोडब्लॉक चुकवा, इतक्या पोलीस गाड्यांना धडका द्या, सरकारचं इतक्या रकमेचं नुकसान करा. म्हणजे बाकीच्या गेममध्ये पोलीस दिसले की पळायचं असतं आणि इथे आपणच जाऊन त्यांना डिवचायचं आणि पुरेशी बाउंटी होईपर्यंत त्यांना सोडायचंही नाही. कधी निसटायचं हे आपल्यावर असतं आणि सगळी गंमत त्या निर्णयात आहे, कारण जितका वेळ थांबाल तितकी हीट, म्हणजे पोलिसांच्या पाठलागाची पातळी, वाढते, सुरुवातीला साध्या गस्तीच्या गाड्या असतात, मग जास्त जोरदार गाड्या येतात, रोडब्लॉक लागतात, समोरून जड एसयूव्ही थेट बोनेटवर चालून येतात, टायर फाडणाऱ्या स्पाइक पट्ट्या, वरून हेलिकॉप्टर, आणि हीट पाचला कॉर्वेट मागे लागली की हायवेवर नुसत्या स्पीडच्या जोरावर सुटणं विसरा.

आणि पकडलं गेलं तर खरंच काहीतरी जातं हो. गाडीवर स्ट्राइक बसतो, दंड भरा, आणि स्ट्राइक भरले की गाडी जप्त. एवढे पैसे घालून इंजिन, टर्बो, टायर सगळं वर नेलेली गाडी डोळ्यांसमोर जाणार ही भीती असते म्हणून चेसला (पाठलागाला) वजन आहे. २०१२ वाल्यात नेमकं हेच नाही, तिथे पकडलं गेलं तरी गाडी तुमचीच राहते, रस्त्याकडेला उभी असलेली गाडी घ्या आणि निघा, दिसायला झकास आहे, चालवायलाही छान आहे पण पोलिसांची धास्तीच वाटत नाही.

पोलिसांचा वायरलेस हा तर वेगळाच विषय. ते तुमच्या गाडीचा रंग सांगतात, कुठल्या रस्त्याने चाललाय ते सांगतात, रोडब्लॉक मागतात, कंट्रोलवाली बाई परवानगी देते, आणि हे सगळं खरोखर चालू असलेल्या चेसवरून. लक्ष देऊन ऐकलं तर पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळतं. साउंड बंद करून खेळणाऱ्यांनी अर्धा गेम खेळलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पॉल लिनफोर्डने चेससाठी केलेलं म्युझिकसुद्धा परिस्थितीबरोबर चढतं उतरतं.

सुटायचे उपाय पण मस्त दिलेत. स्पीडब्रेकर नावाचं बटण दाबलं की सगळं स्लो होतं आणि रोडब्लॉकमधली फट नीट धरता येते, आणि मॅपवर पर्सूट ब्रेकर दिसतात, म्हणजे पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, डोनटच्या दुकानावरचा तो अवाढव्य डोनट, त्याचा आधार उडवला की सगळं मागच्या पोलिसांवर कोसळतं. पण माझ्या मते गेमचा सगळ्यात चांगला भाग त्यानंतरचा, कूलडाउन. पोलीस दिसेनासे झाले तरी सुटलात असं नाही, स्क्रीनवरची पट्टी भरेपर्यंत लपून राहायचं, मॅपवरच्या लपायच्या जागी उभं राहिलं की ती लवकर भरते, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक गस्तीची गाडी हळूच वळते. त्या काही सेकंदांत मी अक्षरशः श्वास धरतो.

दोष आहेत, ते पण सांगतो. रबर बँडिंग फार आहे, तुम्ही कितीही परफेक्ट चालवा शेवटच्या लॅपला तो मागचा पुढे येऊन उभा, आणि एकच वळण चुकलं की रेस गेली. टोलबूथ हा ठरलेल्या वेळेत टोलनाके गाठायचा रेसचा प्रकार मला कंटाळवाणा वाटतो. मधले ब्लॅकलिस्टवाले, साधारण ९ पासून ५ पर्यंत, तेच तेच वाटतात कारण फक्त आकडे वाढत जातात. सगळीकडे तो पिवळसर उन्हाचा रंग आहे, काहींना आवडतो, मला दोन तासांनी डोळ्याला जड होतो. आणि पोलीस पोचूच शकत नाहीत अशा काही जागा आहेत, तिथे जाऊन उभं राहून बाउंटी वाढवणारे लोक आहेत, माझं म्हणणं एवढंच की असं करून गेम संपवला तर हातात काही येत नाही.

पीसीवर खेळणाऱ्यांसाठी, हा स्टीमवर विकत मिळत नाही, जुनी डीव्हीडी शोधावी लागते. आजच्या रुंद स्क्रीनवर चित्र नीट बसत नाही, त्यासाठी फॅन लोकांनी केलेला वाइडस्क्रीन पॅच टाका, फरक लगेच दिसतो. मशीन मात्र साधं असलं तरी पळतो. कीबोर्डवर आरामात खेळता येतो, ड्रॅग रेसला फक्त गिअरचं टायमिंग सांभाळा, लवकर किंवा उशिरा टाकला की गेलात.

नवीन खेळणाऱ्यांना माझा सल्ला. सुरुवातीला पुंटो, गोल्फ, कोबाल्ट आणि आयएस३०० असे गाड्यांचे चार पर्याय मिळतात, मी कोबाल्ट घेईन. पैसे सगळे एकाच गाडीत ओतू नका, दोन गाड्या ठेवा, कारण हीट त्या त्या गाडीवर चढते, एक तापली की दुसरी बाहेर काढायची आणि पहिलीला नवा रंग, नवीन बॉडीकिट मारून हीट खाली आणायची. ब्लॅकलिस्टवाला हरवला की दोन टोकन निवडायला मिळतात, त्यात लपवलेल्यांपैकी एकावर त्याच्या गाडीची मालकी असते, तिकडेच हात घाला. ब्लॅकलिस्टवरच्या बुलची एसएलआर किंवा रॉनीची डीबी९ अशी फुकटात मिळाली तर पुढच्या चेसला तीच काढा.